वर्गाबाहेरची शाळा

शिक्षण या विषयावर बोलावयाचे म्हटले की वक्त्यापुढे एक सोपी वाट नेहमीच मोकळी असते. आजच्या विद्यार्थ्यांबद्दल तक्रार करावी, जुन्या गुरुकुलांची थोरवी गावी, आणि श्रोत्यांनी माना डोलवाव्यात. ही वाट आज आम्ही सोडणार आहो. श्रद्धा, सेवा आणि हाताचे काम यांनी विद्यार्थी घडतो, हे वाक्य आपण सर्वांनी इतक्या वेळा ऐकले आहे की, ते खरे आहे की खोटे हे तपासून पाहण्याचेही आपण विसरलो आहो. विद्यार्थी त्यांनी कसा घडतो? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की, केव्हा घडत नाही? याचे उत्तर उपदेशात सापडणार नाही. ते इतिहासात शोधले पाहिजे. त्यासाठी फार लांब जावयास नको. साताऱ्याच्या एका वसतिगृहापासून आपण आरंभ करू.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. कोल्हापुरास ते शिकावयास गेले तेव्हा शाहू महाराजांनी तेथे वसतिगृहांची चळवळ चालविली होती. ही वसतिगृहे बहुतेक जातवार होती : मराठ्यांचे वेगळे, जैनांचे वेगळे, लिंगायतांचे वेगळे. त्या काळात खेड्यातल्या मुलाला शहरात राहण्यास जागा व जेवण मिळण्याचा दुसरा मार्गच नव्हता, आणि महाराजांनी मिळेल त्या वाटेने मुले शहरात आणली. भाऊराव जैन वसतिगृहात होते. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे असे त्यांस सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि वसतिगृह सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली. ही हकीकत त्यांच्या चरित्रांत नेहमी येते. पुढे त्यांनी जे वसतिगृह काढले त्याचा पाया या एका नाकारलेल्या स्नानात आहे, असे आम्हांस वाटते.

भाऊरावांचे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोचले नाही. पोटासाठी त्यांनी केलेल्या व्यवसायांपैकी एक आपल्या विषयाशी निगडित आहे. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. लोखंडी नांगराने जमिनीत विष पसरते अशी समजूत त्या वेळी शेतकऱ्यांत होती. अशी समजूत पत्रके वाटून जात नाही. नांगर शेतात चालवून, जमीन कशी उलटते ते दाखवूनच जाते. याच भटकंतीत त्यांनी रयतेचे दैन्य जवळून पाहिले आणि त्या दैन्याच्या मुळाशी असलेले अज्ञानही पाहिले. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडलेली तक्रार हीच होती : सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाच्या मुलांना होतो. भाऊराव सत्यशोधक होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी संस्था काढली, तिचे नाव रयत शिक्षण संस्था असे ठेवले ते उगीच नव्हे.

१९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथील वसतिगृहाचा आरंभ झाला. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. कोल्हापूरच्या पद्धतीहून येथे एक गोष्ट मुळातच वेगळी होती. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ब्राह्मण, सगळी मुले एका छपराखाली राहत आणि एका पंक्तीत जेवत. या घराजवळ पैसा नव्हता. स्वयंपाक्यास, पाणक्यास, झाडणाऱ्यास वेतन द्यावयाचे कोठून? तेव्हा स्वयंपाक, पाणी, झाडलोट, शेतातली कामे ही मुलांनीच करावयाची. श्रमाचे शिक्षण द्यावे असा ठराव आधी झाला आणि मग मुलांच्या हाती कुदळ दिली, असे झालेले नाही. आधी भूक होती, मग काम आले, आणि त्या कामात शिक्षण आहे हे मागाहून ध्यानात आले. स्वावलंबी शिक्षण हे ब्रीद पुढे संस्थेने मिरविले, ते भाकरीच्या प्रश्नातून उगवलेले होते.

या घराची आई लक्ष्मीबाई पाटील. भाऊराव बाहेर मदत गोळा करीत फिरत, आणि घरी इतक्या मुलांच्या तोंडी घास कसा पडावयाचा याची काळजी या बाईंच्या माथी असे. त्यांचे दागिने एकेक करून मुलांच्या अन्नासाठी गेले, आणि अखेर मंगळसूत्रही गेले असे सांगतात. त्यांच्या माहेरासासरचे सोवळेओवळे कडक. त्या स्वतः सर्व जातींच्या मुलांना जेवू घालू लागल्या. १९३० साली त्या वारल्या. भाऊरावांच्या श्रद्धेविषयी आपण पुष्कळ बोलतो. आमच्या मते त्या घरातील श्रद्धेची खरी कसोटी या बाईंनी दिली, कारण भाऊरावांना निदान सभेत टाळ्या मिळत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या मुलांना कामाने शिकविले, ते काय शिकविले? शेतकऱ्याच्या मुलास कुदळ धरावयास साताऱ्यास येण्याची गरज नव्हती. नांगर, मोट, कडबा हे सारे त्याने घरी पाहिलेच होते. पण पाणी भरणे, दळणे, भाकरी भाजणे हे काम त्याच्या घरी बाईमाणसाचे होते; अंगण आणि वाट झाडणे हे काम गावाने एका जातीवर लादले होते. वसतिगृहात ते त्याच्या वाट्याला आले. आणि ज्या मुलाच्या हातचे पाणी गावात कोणी घेत नव्हते, तो मुलगा येथे पंक्तीत वाढू लागला. तेव्हा प्रत्येक मुलाला शिकविले ते अशा कामाने, जे त्याला जन्माने मिळालेले नव्हते. जे काम ज्याच्या कपाळी आधीच लिहिलेले असते, ते काम त्याला नवे काही शिकवीत नाही. फार तर त्याचे ओझे वाढविते. ही गोष्ट आम्हांस या सगळ्या इतिहासाचे सार वाटते. ती खरी की नाही, हे आणखी दोन ठिकाणी जाऊन पडताळून पाहू.

पहिले ठिकाण परदेशातले आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली अमेरिकेतील अलाबामा संस्थानात टस्कीगी येथे निग्रो मुलांसाठी, आजच्या भाषेत कृष्णवर्णीय मुलांसाठी, शाळा काढली. इमारतींसाठी विटा पाहिजेत म्हणून विद्यार्थ्यांनी विटा पाडल्या. तीन भट्ट्या फसल्या. चौथ्या भट्टीसाठी पैसा नव्हता, तेव्हा वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ गहाण टाकले, आणि ती भट्टी साधली. ही कथा त्यांनी स्वतः आत्मचरित्रात सांगितली आहे आणि ती वाचताना कोणाचेही मन भरून येईल. परंतु १९०३ साली त्यांच्याच समाजातील विद्वान डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी या पद्धतीवर कठोर आक्षेप घेतला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडून हातमजुरीच करून घेतली, त्यांना पुन्हा हातमजुरीचेच शिक्षण देणे आणि उच्च विद्या व राजकीय हक्क यांचा आग्रह मागे सारणे, म्हणजे त्यांना आहे तेथेच ठेवणे नव्हे काय? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. श्रमाचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येकाने, हा श्रम आपण कोणाच्या मुलांना शिकवीत आहो, याचे उत्तर आधी दिले पाहिजे.

भाऊरावांच्या बाबतीत हे उत्तर त्यांच्या कृतीत आहे. त्यांनी मुलांच्या हाती कुदळ दिली, पण पुस्तक काढून घेतले नाही. येथे वर्ध्याच्या योजनेशी तुलना करण्याजोगी आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्यास परिषद भरविली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाची, म्हणजे नयी तालीमची, आखणी केली. सूतकताईसारखा एखादा उद्योग मध्यभागी ठेवावा आणि गणित, भूगोल, इतिहास त्याच्याभोवती गुंफावेत, ही त्या योजनेची कल्पना. कल्पना मोठी होती, आणि सेवाग्रामात आर्यनायकम दांपत्याने तिच्यासाठी आयुष्य वेचले. परंतु खेड्यातल्या बापाच्या मनात शंका राहिली : शहरातल्या मुलाला इंग्रजी आणि माझ्या मुलाला टकळी? सरकारी शाळांतून ही योजना हळूहळू क्षीण झाली, त्याच्या कारणांत ही शंका एक आहे. भाऊरावांनी अभ्यासक्रमाला हात लावला नाही. १९४० साली साताऱ्यास त्यांनी महाराजा सयाजीराव हायस्कूल काढले. तेथे काम करून शिकावयाचे, पण शिकावयाचे ते मॅट्रिकचेच. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, आणि कमवा व शिका ही पद्धत पदवीपर्यंत पोचली. याच बोर्डिंगातले एक विद्यार्थी, बॅरिस्टर पी. जी. पाटील, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि फुल्यांचे ग्रंथ त्यांनी इंग्रजीत नेले. कुदळीने त्यांचा रस्ता अडविला नाही.

दुसरे ठिकाण पुण्याजवळचे, हिंगण्याचे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि तो पुढे हिंगण्यास नेला. १९०८ साली त्यांनी निष्काम कर्ममठ स्थापिला. आपले जीवित संस्थेस वाहणारी माणसे त्यातून मिळावीत हा हेतू. श्रद्धा आणि सेवा यांची सांगड याहून स्पष्ट कोठे सापडणार? पण हिंगण्याच्या विधवांना दळण-कांडण, स्वयंपाक, धुणी-भांडी यांनी नवे काय शिकविले असते? ते तर त्यांच्या सासरी-माहेरी रात्रंदिवस चाललेच होते. त्यांना घडविले ते पाटी-पुस्तकाने, हिशेबाच्या वहीने आणि घराबाहेर टाकलेल्या पावलाने. पार्वतीबाई आठवले यांचेच पाहा. कोकणातली ही विधवा आश्रमात आली, शिकली, आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत गावोगाव हिंडली. आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, पुरेसे इंग्रजीही येत नसता, अमेरिकेस गेली. तेथे घरकाम करून त्यांनी निर्वाह केला. काम तेच, भांडी तीच. पण स्वतः निवडलेल्या कार्यासाठी, सातासमुद्रापलीकडे, मोल घेऊन केलेले. साताऱ्याच्या मुलाला जात्याने शिकविले, आणि हिंगण्याच्या मुलीला जात्यापासून उठण्याने. दोन्ही ठिकाणी नियम एकच आहे.

श्रद्धेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या शब्दाचा अर्थ आपण फार लवकर देवपूजेशी जोडतो. साताऱ्याच्या वसतिगृहात अनेक धर्मांची मुले होती. त्यांना एकत्र बांधणारी श्रद्धा ही, शेजारी बसलेला मुलगा आपल्याइतकाच माणूस आहे, एवढीच होती. तिचे एक दुसरे रूप संत गाडगे महाराजांच्या ठायी दिसते. गावात शिरावे, हातात खराटा घेऊन गाव झाडावे, आणि रात्री त्याच लोकांना कीर्तनात देव कोठे आहे हे विचारावे. भाऊराव आणि गाडगे महाराज यांचा स्नेह होता. १९५४ साली कऱ्हाडास निघालेल्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले गेले. स्वतः शाळेत न गेलेल्या माणसाचे नाव कॉलेजावर लागले यात काही विसंगती नाही. हातात खराटा धरून त्यांनी जे शिकविले, ते त्या कॉलेजच्या मुलांनाही शिकावयाचेच होते.

९ मे १९५९ रोजी कर्मवीर निवर्तले. त्याच वर्षी त्यांस पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी. लिट्. मिळाली होती. २०१९ साली संस्थेस शंभर वर्षे पूर्ण झाली. बोधचिन्हातल्या वटवृक्षाप्रमाणे तिच्या शाखा आज महाराष्ट्रभर पसरल्या आहेत. मधल्या काळात सरकारनेही हा विचार उचलला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. या योजनांतून पुष्कळ चांगले घडले आहे. परंतु कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले करून गुण मिळविलेल्या पिढ्याही आपल्यात आहेत. त्या फुलांनी कोणाचे काही बिघडले नाही, आणि कोणी घडलेही नाही. कारण उघड आहे. त्या कामाची कोणाला गरज नव्हती, आणि ते केल्याने कोणाचा मान इकडचा तिकडे झाला नाही.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या गावातल्या शाळेत श्रमाचे शिक्षण आहे काय, हे पाहण्यासाठी वेळापत्रक चाळण्याचे कारण नाही. एक दिवस शाळा सुटल्यावर तेथे थांबावे आणि वर्ग कोण झाडतो ते पाहावे. फक्त मुलीच झाडीत असतील, किंवा ठरावीक घरची मुलेच झाडीत असतील, तर तेथे श्रम आहे, शिक्षण नाही. सर्वांची मुले पाळीपाळीने झाडीत असतील, आणि एखाद्या दिवशी मास्तरांच्याही हाती केरसुणी दिसली, तर त्या शाळेकडे भले ओसरीवर पत्रे नसोत, साताऱ्याच्या त्या जुन्या बोर्डिंगाशी तिचे नाते आहे असे खुशाल समजावे. आणि ज्या पालकांना आपल्या मुलाच्या हाती केरसुणी पाहून कमीपणा वाटेल, त्यांच्याशी भांडत बसू नये. त्यांना एवढेच विचारावे की, मग ती कोणाच्या मुलाने हाती घ्यावी?