तुंबडी आणि पंप

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाचें नांव निघालें कीं काळ्या चबुतऱ्याची आठवण होते. १८५७ च्या जून महिन्यांत औरंगाबादच्या छावणींतील हैद्राबाद कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळांत असंतोष माजला, पुण्याकडून जनरल वुडबर्न फौज घेऊन आला आणि बंडवाल्यांना देहदंड झाला. त्या हुतात्म्यांची नोंद इतिहासानें ठेविली. जखमी होऊन मागें राहणाऱ्यांची तो सहसा ठेवीत नाहीं. त्या काळीं लढाईंत जो जागच्या जागीं पडला नाहीं, तो पुष्कळदां जखम चिघळून मरे. कार्बॉलिक अ‍ॅसिडनें जखम निर्जंतुक राखण्याची रीत लिस्टरनें प्रसिद्ध केली ती त्यानंतर दहा वर्षांनीं, १८६७ सालीं.

दूषित द्रव शोषून काढण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. सुश्रुतानें व्रणाचे साठ उपक्रम सांगितले, त्यांत विस्रावणही आहे. रक्त काढण्यासाठीं त्यानें शिंग, जळू आणि भोपळा हीं तीन साधनें दिलीं. शिंग तोंडानें ओढावयाचें. भोपळ्यांत दिवा ठेवावयाचा. आंतली तापलेली हवा निवली कीं दाब उतरतो आणि कातडी वर ओढली जाते. आपल्याकडील तुंबडीचें तत्त्व हेंच.

आजच्या रुग्णालयांत जखमेंत स्पंज बसवितात, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा हवाबंद चिकटवितात आणि नळीनें पंप जोडतात. अमेरिकेंतील अर्जेंटा व मॉरिक्वास यांनीं ही रीत १९९७ सालीं विस्तारानें मांडली. प्रथम डुकरांवर प्रयोग झाले. पाऱ्याच्या १२५ मिलिमीटर इतका दाब उतरविला असतां जखमेकडील रक्तप्रवाह चौपट झाला. मग ३०० जखमांवर उपचार केले, त्यांपैकीं २९६ सुधारल्या. आंकडा ऐकून कोणीही भारावेल. परंतु तुलनेस दुसरा गटच नव्हता! साध्या मलमपट्टीनें त्यांतल्या किती बऱ्या झाल्या असत्या, हें त्यावरून कसें कळावें? शाळेंत एका तुकडीची परीक्षा घेऊन दुसरीहून ती हुशार ठरविण्यासारखें तें होईल.

तुलना पुढें झाली. २००५ सालीं मधुमेहामुळें पायाचा भाग कापलेल्या १६२ रुग्णांत, सोळा आठवड्यांत पंपाच्या गटांतील शेंकडा ५६ बरे झाले, दुसऱ्या गटांतील ३९. हा लाभ खरा दिसतो. मात्र या अभ्यासाला पैसा यंत्र बनविणाऱ्या कंपनीचाच होता, हें विसरतां येत नाहीं. पुढें २०१८ सालीं इंग्लंडांत पायाचें हाड मोडून उघडें पडलेल्या ४६० जखमींची पाहणी प्रसिद्ध झाली. खोल जंतुसंसर्ग पंपाच्या गटांत शेंकडा ७.१, साध्या पट्टीच्या गटांत ८.१, वर्षअखेरच्या अपंगत्वांतही लक्षणीय फरक नाहीं. जर्मनींत २०२० सालीं ३६८ मधुमेही रुग्णांच्या पाहणींतही पंपाचें श्रेष्ठत्व सिद्ध झालें नाहीं.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हे. मधुमेहानें पाय चिघळलेला माणूस घरीं असला, तर यंत्राचा खर्च करावा कीं नाहीं, हा प्रश्न कुटुंबापुढें उभा राहतो, आणि कर्ज काढणारे लोक असतात. आमच्या देशांत पुष्कळ शल्यवैद्य भिंतींतल्या शोषणनळीला स्पंज व प्लॅस्टिक जोडून थोडक्या खर्चांत तेंच काम साधतात. ही युक्ति मला मनापासून आवडते. जखमेंतील स्राव वाहून नेणें, पट्टी वारंवार न बदलणें, हा फायदा रुग्णाला व परिचारिकेला दोघांनाही मिळतो. पाय वांचेलच, असें मात्र कोणी छातीठोकपणें सांगूं नये. मेलेलें मांस आधीं कापून काढावें लागतें आणि पायाचा रक्तपुरवठा तपासावा लागतो. तें न करतां नुसता पंप लावणें व्यर्थ आहे.

धोकाही आहे. अमेरिकन सरकारच्या औषध खात्यानें २००९ सालीं दोन वर्षांतील सहा मृत्यूंची व ७७ इजांची सूचना प्रसिद्ध केली. त्यांत रक्तस्राव सर्वांत गंभीर होता, आणि बहुतेक मृत्यु घरीं किंवा शुश्रूषागृहांत झाले होते. म्हणून रक्त पातळ करण्याचें औषध घेणाऱ्यानें तें डॉक्टरांस प्रथम सांगावें, आणि नळींत तांबडें रक्त दिसूं लागलें तर पंप तत्काळ थांबवून, जखमेवर दाब देऊन, रुग्णालय गांठावें.