नाव, सांगाडा आणि तारे : जुळ्या मोटारींच्या सामाईक सुरक्षा-गुणांचा इतिहास

मोटारींच्या सुरक्षिततेचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थांची कोष्टके चाळणाऱ्या अभ्यासकास एक गोष्ट वारंवार आढळते. निरनिराळ्या नावांच्या, निरनिराळे बिल्ले मिरविणाऱ्या आणि निरनिराळ्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या दोन गाड्यांपुढे एकच गुणसंख्या, तीही दशांश चिन्हापुढील अंकांसह, नोंदलेली असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लोबल एन्‌कॅप या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या निकालांत स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन या दोन्ही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी ३४ पैकी २९.६४ आणि बालकांच्या संरक्षणासाठी ४९ पैकी ४२ असे अगदी सारखे गुण मिळाले. दोन स्वतंत्र टकरींत पोलाद, काच आणि चाचणीचे पुतळे शंभराव्या हिश्श्यापर्यंत एकसारखे वागतील, हे संभवनीय नाही. तेव्हा येथे पुरावा एक असून त्याचे धनी दोन आहेत, असेच मानणे सयुक्तिक ठरते. ही प्रथा कशी उदयास आली, ती कोणत्या विश्वासावर उभी आहे आणि तो विश्वास कोठे डळमळतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

एकाच गाडीस दोन नावे देण्याची रीत सुरक्षा-चाचण्यांहून पुष्कळच जुनी आहे. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९२५ मध्ये बाजारात आणलेली ‘एजॅक्स’ ही गाडी पुढील वर्षी ‘नॅश लाइट सिक्स’ झाली, आणि ज्यांनी आधीच एजॅक्स घेतली होती त्यांना नवे बिल्ले विनामूल्य देऊ करण्यात आले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने १९५९ मध्ये जी छोटी गाडी काढली, ती ‘ऑस्टिन सेव्हन’ आणि ‘मॉरिस मिनी-मायनर’ अशा दोन नावांनी विकली गेली. त्याच कंपनीची १९६२ पासूनची पुढील रचना तर मॉरिस, ऑस्टिन, एम. जी., वूल्सली, रायली आणि वँडन प्लास अशा सहा घराण्यांच्या नावांनी वावरली. मुंबईच्या रस्त्यांनाही हा प्रकार अपरिचित नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट ११०० पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, तरी टॅक्सीवाल्यांच्या तोंडी ‘फियाट’ हेच नाव राहिले. लोकव्यवहाराने येथे बिल्ल्यापेक्षा सांगाडाच ओळखला, असे म्हणावयास हरकत नाही.

या काळात नामांतराचा प्रश्न प्रतिष्ठेचा, किमतीचा आणि विक्रेत्यांच्या जाळ्याचा होता. प्राणरक्षणाशी त्याचा संबंध कोणी जोडला नाही. कारण गाडीची परीक्षा घेऊन तिचे गुण लोकांपुढे मांडणारी यंत्रणाच अस्तित्वात नव्हती. परीक्षा आली, तेव्हाच ‘ही गाडी कोणती?’ या प्रश्नास नवा अर्थ प्राप्त झाला.

२

ही यंत्रणा प्रथम अमेरिकेत उभी राहिली. राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या ग्रंथाने मोटार-उद्योगावर घणाघाती टीका केली. १९६६ मध्ये वाहन-सुरक्षेचा संघीय कायदा झाला. आणि १९७२ च्या दुसऱ्या एका कायद्याने गाड्यांच्या अपघातक्षमतेची तुलनात्मक माहिती ग्राहकांस पुरविण्याची जबाबदारी शासनावर टाकली. त्यातूनच १९७९ मध्ये राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने नव्या गाड्यांच्या मूल्यमापनाचा कार्यक्रम सुरू केला. कायद्याचा किमान दंडक त्या वेळी ताशी ३० मैलांच्या समोरासमोरच्या टकरीचा होता. नव्या कार्यक्रमाने ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर, हा वेग निवडला. फरक अवघ्या पाच मैलांचा दिसतो. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे टकरीची ऊर्जा सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. गुण ताऱ्यांच्या रूपाने देण्याची पद्धत १९९४ च्या गाड्यांपासून आली, आणि १ सप्टेंबर २००७ पासून तयार होणाऱ्या नव्या गाड्यांच्या काचेवरील किंमत-पत्रकात हे तारे छापणे बंधनकारक झाले.

परीक्षेची ही पद्धत स्वभावतःच खर्चिक आहे. चाचणीत गाडी नष्ट होते. प्रत्येक गाडीसाठी नव्या गाड्या, उपकरणांनी भरलेले पुतळे आणि प्रयोगशाळेचा वेळ लागतो. बाजारातील प्रत्येक नाव भिंतीवर आदळून पाहणे कोणत्याही संस्थेच्या आवाक्यात नव्हते. त्यामुळे बनावटीने एकच असलेल्या परंतु निरनिराळ्या नावांच्या गाड्यांना ‘जुळ्या’ गाड्या मानून एकीचे गुण दुसरीस लागू करण्याची, तसेच रचना न बदलल्यास मागील वर्षीचे गुण पुढील वर्षी चालू ठेवण्याची रीत रूढ झाली. सारखेपणाची मूळ माहिती उत्पादकाकडून येते, हे या व्यवस्थेचे एक मर्म होय.

या रीतीमागील तर्क निराधार नाही. समोरून टक्कर होते तेव्हा भार वाहतात ते पुढील भागातील लांबट पोलादी तुळया, इंजिनाची बैठक, दारांचे खांब आणि तळाची चौकट. शरीर आवरून धरतात ते सीटबेल्ट व एअरबॅग. पुढची जाळी, दिव्यांचा आकार, आसनांचे कापड अथवा डिकीवरील अक्षरे यांच्या बदलाने पुतळ्याच्या डोक्याला वा छातीला बसणाऱ्या आघातात उल्लेखनीय फरक पडत नाही. म्हणून केवळ मुखवटा बदललेल्या गाडीस जुन्या गाडीचे गुण देणे हा पक्षपात नसून काटकसर आहे. उलट, तसे न केल्यास दुसऱ्या नावाची गाडी घेणारा ग्राहक माहितीस विनाकारण वंचित होईल.

३

युरोपात १९९७ मध्ये युरो एन्‌कॅपचे पहिले निकाल प्रसिद्ध झाले आणि तेथेही हीच रीत स्वीकारली गेली. तिचे उत्तम उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन अप, सेआट मी आणि स्कोडा सिटिगो ही तीन भावंडे. २०११ मध्ये तिघींना पाच तारे मिळाले. पुढे परीक्षा कठीण होत गेली. टक्कर टाळणाऱ्या साधनांना महत्त्व आले. २०१९ मध्ये पुन्हा मूल्यमापन झाले, तेव्हा तिघींना तीनच तारे मिळाले. या उदाहरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, सामाईक गुण हा केवळ लाभ नसून ते दायित्वही आहे. ज्या गाड्या एकत्र वर चढल्या, त्या एकत्रच खाली उतरल्या. दुसरी, ताऱ्यास सन असतो. सनाशिवाय उद्धृत केलेला तारा हा तिथी नसलेल्या पत्रासारखा होय. त्यावरून काळाचा कोणताही निर्णय करता येत नाही.

४

मात्र सारखेपणा कोठे संपतो, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. अमेरिकेतील इन्शुअरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०१२ मध्ये गाडीच्या पुढील रुंदीच्या केवळ २५ टक्के भागावर, चालकाच्या बाजूने, आघात करणारी चाचणी सुरू केली. उत्पादकांनी रचना सुधारल्या व गुण वाढले. २०१६ मध्ये त्याच संस्थेने चालकाच्या बाजूस ‘उत्तम’ ठरलेल्या सात छोट्या एस. यू. व्ही. गाड्या दुसऱ्या बाजूने आदळून पाहिल्या. त्या बाजूसही ‘उत्तम’ ठरण्याजोगी त्यांतील एकच निघाली. जी बाजू परीक्षेत येत होती ती सर्वत्र सारखीच बळकट झाली होती असे नव्हे, हे यावरून उघड झाले, आणि २०१७ मध्ये प्रवाशाच्या बाजूचे स्वतंत्र गुण देण्यास प्रारंभ झाला. एकाच गाडीच्या डाव्या अंगाचे गुण उजव्या अंगास लावता येत नसतील, तर एका गाडीचे गुण दुसरीस लावताना किती सावधगिरी हवी, हे निराळे सांगावयास नको.

याहून गंभीर प्रश्न नाव एक आणि वस्तू दोन, या उलट प्रकारातून निर्माण झाला. त्याचे क्षेत्र प्रामुख्याने भारत हे होते. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एन्‌कॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्यांचे निकाल जाहीर केले. त्यांत चाकण येथे तयार होणारी फोक्सवॅगन पोलो होती. एअरबॅग नसलेल्या पोलोस शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅग असलेल्या पोलोस चार. सांगाडा तोच, कारखाना तोच, नाव तेच. तरी निकालात चार ताऱ्यांचे अंतर पडले. कंपनीने एअरबॅगरहित पोलोची विक्री थांबविली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एअरबॅगरहित मारुती सुझुकी स्विफ्ट शून्यावर राहिली. ‘स्विफ्ट’ याच नावाच्या गाडीस युरोपात २०१० मध्ये पाच तारे मिळालेले होते. २०१७ मध्ये भारतीय रेनो डस्टरलाही एअरबॅगशिवाय शून्य आणि चालकाच्या एअरबॅगसह तीन तारे मिळाले. परदेशातील तारे मनात ठेवून देशी गाडी घेणाऱ्याने नकळत गुणांचे असे हस्तांतर केले होते, जे कोणत्याही संस्थेने मान्य केले नव्हते. हा भ्रम कागदावरचा नव्हता. त्याची किंमत टक्कर झाल्यावर माणसाच्या छातीने आणि मस्तकाने मोजावयाची होती.

५

पुढील काळात भारतातील स्थिती बदलत गेली. चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशासाठी २०२१ मध्ये बंधनकारक झाली. २२ ऑगस्ट २०२३ रोजी भारत एन्‌कॅपची घोषणा झाली आणि १ ऑक्टोबरपासून ती योजना अमलात आली. डिसेंबर २०२३ मधील तिच्या पहिल्याच निकालात जुळ्या गाड्यांचा प्रश्न उपस्थित झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. टाटा हॅरियर आणि टाटा सफारी या पुण्यात तयार होणाऱ्या दोन गाड्यांना पाच तारे मिळाले. प्रौढांसाठी ३२ पैकी ३०.०८ आणि बालकांसाठी ४९ पैकी ४४.५४ हे दोहोंचे गुण तंतोतंत सारखे होते. दोन्ही गाड्यांच्या चाकांच्या आसांमधील अंतर एकच आहे. सफारी मागे थोडी लांब असून तीत आसनांची तिसरी रांग आहे. गुणांचा बहुतांश भाग समोरच्या व बाजूच्या टकरीवर आणि पहिल्या दोन रांगांवर अवलंबून असल्यामुळे हे साम्य समर्थनीय दिसते. तथापि तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याच्या मागून येणाऱ्या आघाताविषयी हे आकडे काही सांगत नाहीत, याचे भान ठेवले पाहिजे.

जुळेपण आणि नुसते भाईबंदपण यांतील भेद चाकणच्याच गाड्यांवरून अधिक स्पष्ट होतो. कुशाक व टायगुन ज्या पायावर उभ्या आहेत, त्याच पायावर स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस याही उभ्या आहेत. परंतु एप्रिल २०२३ मध्ये या दुसऱ्या जोडीस प्रौढांसाठी मिळालेले गुण २९.६४ नव्हते, २९.७१ होते. अंतर अल्प आहे, पण त्याचा अर्थ अल्प नाही. पाया एक असूनही उंच गाडी आणि सेडान यांचे कवच भिन्न असल्यामुळे त्यांचे मूल्यमापन स्वतंत्रपणे झाले. गुण सामाईक राहिले ते केवळ प्रत्येक जोडीच्या आत. पाया एक असणे हे नाते सिद्ध करते, अभेद सिद्ध करीत नाही.

६

या इतिहासाचे अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्व साधन-परीक्षणात आहे. हस्तलिखितांच्या आधारे संहिता सिद्ध करणारा संपादक एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या दहा पोथ्यांस दहा साक्षी मानीत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीनेही पोथ्यांची संख्या न मोजता त्यांची कुळे पाहिली. सुरक्षा-गुणांची कोष्टके वाचताना हाच दंडक पाळावयास हवा. कोष्टकातील दोन ओळी म्हणजे दोन चाचण्या नव्हेत. त्यांना स्वतंत्र मानून सरासरी काढली, तर ज्या उत्पादकाजवळ बिल्ले अधिक त्याच्या गाड्यांचे वजन निष्कर्षात अकारण वाढते. उलटपक्षी, एकाच नावाची एकच ओळ पाहून एअरबॅगची संख्या, विक्रीचा देश आणि चाचणीचे वर्ष दुर्लक्षिले, तर दोन भिन्न वस्तू एक समजल्या जातात. पहिल्या चुकीने आकडेवारी बिघडते. दुसरीने प्राणास धोका संभवतो.

सामाईक गुणांची प्रथा त्याज्य ठरत नाही. ती अपरिहार्य आहे. परंतु तिची विश्वसनीयता तीन गोष्टींवर अवलंबून राहते. प्रत्यक्ष कोणती गाडी आदळली, हे निकालपत्रात उघड लिहिलेले असावे; सारखेपणाचा दावा रचना, वजन आणि संरक्षक साधने या तिन्हींबाबत तपासलेला असावा; आणि त्यांपैकी एकही बदलल्यास गुणांचे नाते तेथेच तुटावे. नाव हे बाजाराचे अपत्य आहे आणि तारा हा चाचणीचा. टकरीच्या क्षणी भिंतीला यांपैकी काहीच ठाऊक नसते. तिला भिडतो तो केवळ सांगाडा.