मोजणाऱ्याचेही वजन

घरात वीज किती खर्च झाली हे पाहायचे, तर आपण मीटरचे आकडे दोनदा टिपतो आणि वजाबाकी करतो. संगणक किती कामात आहे हे मोजण्याची रीतही हीच. युनिक्स संगणकांसाठी विल्यम लफेव्हर यांनी १९८४ मध्ये ‘टॉप’ ही आज्ञावली लिहिली. कोणते काम प्रोसेसरचा किती वेळ खाते याची यादी ती उतरत्या क्रमाने दाखवते. लिनक्समध्ये हे आकडे ‘प्रॉक’ नावाच्या कप्प्यात मिळतात. गंमत अशी, की तिथल्या फाइली डिस्कवर नसतातच! कोणी वाचायला आले, की प्रणालीचा गाभा त्या क्षणी आकडे तयार करून देतो. समजा, ५ सेकंदांत ५०० ठोके पडले आणि त्यांतील ४५० रिकामे गेले. तर प्रोसेसर १० टक्के कामात होता.

पण एखाद्या यंत्राच्या पोटात बसवलेल्या छोट्या संगणकाचे काय? तेथे स्मृती पार संपली, तर लिनक्सचा गाभा एखादे चालू काम चक्क मारून टाकतो. म्हणजे मोजमापाची गरज तेथे सर्वांत जास्त. आणि मोजणाऱ्या आज्ञावलीला जागा मात्र सर्वांत कमी.

यावरचा उपाय निघाला वेगळ्याच अडचणीतून. १९९५ च्या सुमारास ब्रूस पेरेन्स यांना डेबियन लिनक्स बसवण्यासाठी लागणारी सगळी अवजारे १.४४ मेगाबाइटच्या एकाच फ्लॉपीवर मावायला हवी होती. प्रत्येक अवजाराची वेगळी फाइल केली, तर प्रत्येकीत तोच तो मजकूर पुन्हा येतो: सूचना वाचणे, अक्षरे छापणे, चूक कळवणे. म्हणून त्यांनी ‘बिझीबॉक्स’ ही एकच फाइल केली व तिला अनेक नावे दिली. ज्या नावाने हाक माराल, ते काम ती करते. बहुरूपीच म्हणा ना! पुढे तिच्यात ‘टॉप’ही आले.

२००२ च्या अखेरीस बाजारात आलेल्या लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये हाच बहुरूपी होता. त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांत कायमची साठवण ४ मेगाबाइट आणि चालती स्मृती १६ मेगाबाइट होती. त्याच्या उघड झालेल्या आज्ञावलीतून २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ प्रकल्प उभा राहिला. येथे नवे अवजार गाठोडे बांधून पाठवतात. ते राउटरवर घडवता येत नाही. मोठ्या संगणकावर, पण राउटरच्या प्रोसेसरला कळेल अशा भाषेत घडवावे लागते. गाठोड्यात आज्ञावलीबरोबर एक चिठ्ठी असते: हिला आणखी काय काय लागते? खरे वजन आमच्या मते या चिठ्ठीत असते. २००४ सालचेच ‘एचटॉप’ हे अवजार रंगीत आणि सोयीचे आहे, पण पडदा रंगवण्यासाठी त्याला ‘एनकर्सेस’ हा आज्ञासंग्रह सोबत लागतो. बिझीबॉक्समधले ‘टॉप’ दिसायला साधे. त्याला असे काही लागत नाही.

शाळेत लिनक्सचा संगणक असेल, तर ‘टॉप’ चालवून पाहावे. त्या यादीत खुद्द ‘टॉप’ची ओळही सापडते.