मुठीतल्या मोटारी

अडकित्ते, दिवे, दौती किंवा नाणी जमविणाऱ्या मनुष्याला एका गोष्टीची निश्चिती असते. वस्तू एकदा हाती आली, तिला गंज आणि पोराबाळांचे हात यांपासून जपले, की ती टिकते. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातील अडकित्ते तुमच्या-आमच्या मागे आणखी चार पिढ्या सहज राहतील. युरोपातल्या जुन्या, साच्यात ओतलेल्या खेळण्यातल्या मोटारी जमविणाऱ्याला मात्र ही निश्चिती नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पाचसहा वर्षांत ओतलेली एखादी मोटार कोणीही न खेळता, कापसात गुंडाळून पेटीत ठेवलेली असावी, आणि पेटी उघडताच तिच्या जागी करड्या धातूचे तुकडे व चार रबरी धावा तेवढ्या हाती याव्यात, असे घडते. हे का घडते, हा या खेळण्यांच्या इतिहासातला सर्वांत लक्षणीय भाग मला वाटतो.

त्याचा आरंभ लिव्हरपूलमध्ये आहे. फ्रँक हॉर्नबी हा तेथील एका मांस आयात करणाऱ्या पेढीतला हिशेबनीस. आपल्या मुलांसाठी त्याने भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या व नटबोल्ट यांचा एक खेळ रचला आणि १९०१ साली त्याचे एकस्व घेतले. तोच पुढे ‘मेकॅनो’ या नावाने जगभर गेला. पाठोपाठ हॉर्नबीच्या आगगाड्या आल्या. परंतु आगगाडीला स्टेशन हवे, स्टेशनावर हमाल व उतारू हवेत, आणि स्टेशनाबाहेर मोटारी हव्यात! म्हणून १९३३ च्या अखेरीस बिन्स रोडवरील कारखान्याने सहा छोट्या वाहनांचा एक संच काढला. १९३४ साली या मालाला ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. आगगाडीची शोभा म्हणून आलेली ही मोटार पाहता पाहता आगगाडीहून अधिक लाडकी झाली. मुलाच्या मुठीत मावेल आणि खाऊच्या पैशांतून घेता येईल अशी ती होती, यापलीकडे दुसरे कारण शोधण्याची आवश्यकता नाही.

पहिल्या मोटारी शिशाच्या मिश्रणाच्या होत्या. शिसे लवकर वितळते आणि साच्याचा कानाकोपरा भरते. पण ते मऊ, जड आणि मुलांच्या तोंडात जाऊ नये असे. तेवढ्यात, १९२९ च्या सुमारास, अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने जस्ताचे एक नवे मिश्रण सिद्ध केले. त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम व किंचित मॅग्नेशियम असते. इंग्लंडात त्याला ‘मॅझॅक’ म्हणत. पोलादी साच्यात ते दाबाने सोडले की पातळ, टणक आणि रेखीव मोटार बाहेर पडते. दिव्यांची वर्तुळे, जाळीच्या रेघा, दारांच्या मुठी, सारे काही स्पष्ट. शिशावर सर्व बाजूंनी मात करणारा हा धातू होता. बिन्स रोडने तो उचलला यात नवल नाही.

मात्र या धातूची एक अट होती, आणि ती फार कडक होती. त्यातले जस्त ९९.९९ टक्के शुद्ध असावे लागते. लाख भागांत पाच भागांहून अधिक शिसे त्यात शिरले, तर ते जस्तात विरघळत नाही. घट्ट होणाऱ्या धातूच्या कणाकणांमधील सीमांवर ते जाऊन बसते. दमट हवा तेथून आत शिरते. कणांच्या सीमा झिजतात, आणि झिजेतून निर्माण होणारा पदार्थ मूळ धातूहून अधिक जागा व्यापत असल्यामुळे मोटार आतून फुगते. प्रथम रंगावर केसाएवढी रेघ दिसते. मग टप केळ्यासारखा वाकतो, आस जागेवर बसेनासे होतात, आणि शेवटी बोटाच्या दाबाने भुगा. यावर औषध नाही. कोरड्या, थंड जागेत ठेवल्यास शेवट लांबतो, इतकेच.

शिशाच्या आकृत्याही डिंकीच्याच मालात होत्या. त्या शिशाचा एखादा तुकडा जस्ताच्या कढईत पडला, तर कोणाच्या ध्यानात आला असता? मोटार त्या दिवशी उत्तमच निघाली असणार! म्हणूनच संग्राहकांपुढे आज एक विचित्र दृश्य आहे: ज्या शिशाला टाकाऊ ठरविले, त्याच्या सर्वांत जुन्या मोटारी कपाटात धडधाकट उभ्या आहेत, आणि सुधारलेल्या धातूच्या, त्यांच्या मागाहून आलेल्या कित्येक मोटारी झिजून गेल्या आहेत. जाणता संग्राहक युद्धपूर्व मोटार विकत घेताना रंगाआधी टपाच्या कडा पाहतो.

युद्धानंतर जस्ताची शुद्धता अधिक सांभाळली गेली आणि हा रोग विरळा झाला. तरी एकविसाव्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये ओतलेल्या काही प्रतिकृतींत तो पुन्हा दिसला आहे. युद्धोत्तर काळाची कथा स्पर्धेची आहे. १९५३ साली लंडनच्या लेस्नी कंपनीने राणीच्या राज्यारोहणाच्या रथाची चिमुकली प्रतिकृती दहा लाखांहून अधिक विकली. त्याच सुमारास, काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे शाळेत नेता येई, या मुलीच्या अडचणीतून जॅक ओडेल यांनी ‘मॅचबॉक्स’ मोटारी काढल्या. १९५६ मध्ये ‘कॉर्गी’ने खिडक्यांना पारदर्शक तावदाने बसविली. १९६५ च्या त्यांच्या जेम्स बाँडच्या मोटारीतून बाहेर उडणारा चिमुकला मनुष्य बहुतेक घरांतून हरवला, कारण तो उडविण्यासाठीच होता. आज तोच नसेल तर मोटारीची किंमत घसरते. खेळण्याचा उपयोग केला की त्याचे मोल उतरते, हा संग्राहकांचा न्याय मला कधीच पटलेला नाही. १९७९ साली बिन्स रोडचा कारखाना बंद झाला, आणि १९८२-८३ मध्ये लेस्नी व कॉर्गीची जननी मेटॉय याही कोसळल्या.

डिंकीचे काही वापरून झालेले साचे साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यास आले. त्यांतून निघालेल्या मोटारींवर डिंकीच्या जागी ‘निकी टॉइज’ हे नाव आले. त्यांतली एक माझ्या मेजावर आहे. रंग जाड, खिडक्यांचे काठ बोथट, पुढचा आस वाकलेला, कारण आम्ही भावंडे तिला जिन्यावरून सोडत असू. दर पावसाळ्यात मी भिंग घेऊन तिच्या टपावर एखादी रेघ उमटली आहे काय, ते पाहतो. अद्याप उमटलेली नाही.