‘कमकुवत ग्रिड’ म्हणजे काय? व्होल्टेज सांभाळणारा कन्व्हर्टरच ते हलवू लागतो तेव्हा...

९ ऑगस्ट २०१९. इंग्लंडमध्ये शुक्रवारची संध्याकाळ. पाचला आठ मिनिटं कमी असताना लंडनच्या उत्तरेकडील ४०० केव्हीच्या वाहिनीवर वीज कोसळली. ग्रिडसाठी ही नेहमीची बाब. सुमारे २० सेकंदांत वाहिनी पुन्हा सुरूही झाली. पण तेवढ्यात उत्तर समुद्रातल्या हॉर्नसी पवनऊर्जा प्रकल्पाचं उत्पादन ७९९ मेगावॅटवरून ६२ वर आलं. लिटल बारफर्डच्या गॅस केंद्रातही बिघाड झाला. फ्रिक्वेन्सी ४८.८ हर्ट्झपर्यंत घसरली आणि सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज गेली.

हॉर्नसीपर्यंत पोहोचलेला व्होल्टेजचा धक्का किरकोळ होता. मग इतका मोठा प्रकल्प का कोसळला?

कमकुवत ग्रिड कशाला म्हणतात?

गावात लाइनच्या टोकाला असलेल्या घरात मोटर सुरू केली की बल्ब मंद होतो. ट्रान्सफॉर्मरजवळच्या घरात तसं होत नाही. ग्रिडचंही असंच असतं. मोठ्या वीजकेंद्रांपासून दूर, लांबलचक वाहिनीच्या टोकाला करंट थोडा बदलला तरी व्होल्टेज बरंच हलतं. हाच कमकुवत ग्रिड. तो मोजायला अभियंते त्या ठिकाणची शॉर्ट सर्किट क्षमता आणि प्रकल्पाची क्षमता यांचं गुणोत्तर काढतात. ते साधारण ३ च्या खाली गेलं, की ग्रिड कमकुवत समजतात.

अडचण कुठे येते?

आधुनिक पवनचक्क्या आणि सौर पॅनेल ग्रिडला थेट जोडलेले नसतात, मधे कन्व्हर्टर असतो. तो सतत व्होल्टेज मोजतो आणि कमी वाटलं तर रिॲक्टिव्ह पॉवर वाढवून ते वर आणतो. मजबूत ग्रिडमध्ये हे सुरळीत चालतं. कमकुवत ग्रिडमध्ये मात्र त्याने केलेली दुरुस्तीच व्होल्टेज जास्त हलवते. तो पुन्हा मोजतो, उलट्या दिशेने दुरुस्त करतो आणि हेलकावे सुरू होतात. वेळीच शमले नाहीत, तर संरक्षण यंत्रणा यंत्र बंद करते.

हॉर्नसीत नेमकं हेच घडलं. किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटरवर, लांब केबलच्या टोकाला असलेल्या त्या पवनचक्क्यांचे हेलकावे शमण्याऐवजी वाढले आणि त्या बंद पडल्या. जवळपास दहा मिनिटं आधी व्होल्टेजमध्ये २ टक्क्यांचा बदल झाला, तेव्हाही तसेच हेलकावे दिसले होते. ते मात्र शमले. दुसऱ्याच दिवशी नियंत्रणाचं सॉफ्टवेअर बदलण्यात आलं. पुढे प्रकल्पाच्या कंपनीने ग्राहकहिताच्या निधीत ४५ लाख पौंड भरले.

उपाय काय?

• नियंत्रण जरा संथ करणं आणि हेलकावे शमवणारी सोय ठेवणं.
• सिंक्रोनस कंडेन्सर बसवणं. ही फिरणारी अवजड यंत्रं वीज बनवत नाहीत, पण ग्रिडला बळ देतात. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये अशी चार यंत्रं सुरू केली.
• ‘ग्रिड फॉर्मिंग’ कन्व्हर्टर वापरणं. हे ग्रिडच्या व्होल्टेजमागे धावत नाहीत, स्वतःच व्होल्टेज उभं करतात.

राजस्थानातल्या भडलासारखे सौर प्रकल्पही मोठ्या शहरांपासून दूर, लांब वाहिन्यांच्या टोकाला आहेत. अशा ठिकाणी कन्व्हर्टर मजबूत ग्रिडमध्ये नीट चालला एवढं पुरेसं नसतं. एखादी वाहिनी बंद असताना, ग्रिड सर्वांत कमकुवत असताना तो कसा वागेल, हे जोडणीआधीच तपासावं लागतं.