समुद्रात जळलेला गॅस

लग्न होऊन सांगलीहून बडोद्याला आले तेव्हा मला सर्वांत नवल वाटलं ते स्वयंपाकघरातल्या गॅसच्या नळीचं. इथे 1972 पासून नळाने गॅस येतो. तरी सासूबाईंचा दंडक असा, की भाजी चिरून झाल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही. उगीच जाळणं म्हणजे अनर्थदंड! आणि रात्रीच्या गाडीतून अंकलेश्वरच्या बाजूला पाहावं, तर दूर उंच नळकांड्यावर केशरी ज्योत ढणढणा जळतेय. तिच्यावर कुणाचाच स्वयंपाक होत नव्हता.

मग का जाळतात? तर जमिनीखाली तेलातच गॅस विरघळलेला असतो. सोड्याची बाटली उघडली की फस्सकन बुडबुडे येतात ना, तसं तेल वर येताना दाब कमी झाला की तो सुटतो. तेल काढायचं तर गॅस येणारच. तेल टाकीत साठवता येतं, जहाजात भरता येतं. गॅसला मात्र दाब देणारी यंत्रं हवीत, लांबच लांब नळ हवेत आणि पलीकडे घेणारं गिऱ्हाईक हवं. तसाच सोडावा तर स्फोटाची भीती. शिवाय त्यातला मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी हवा तापवतो. तेव्हा जाळणं हे त्यातल्या त्यात बरं.

मुंबई हायला हेच झालं. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने समुद्रात तेल शोधलं, 21 मे 1976 ला ते काढायला सुरुवात झाली. 1973 नंतर तेलाचे भाव चौपट झालेले, परकीय चलनाची चणचण. थांबायला सवड कुणाला होती? सुरुवातीला तेल जहाजांनी आणलं. उरणपर्यंत समुद्राच्या तळाशी नळ टाकले गेले 1978 मध्ये. तोवर गॅसला वाटच नव्हती.

ती दोन वर्षं मी समजू शकते. पुढचं नाही समजत. तेल भराभर वाढवलं, गॅस वापरणारे कारखाने मात्र रेंगाळले. थळचा खत कारखाना सुरू व्हायला 1985 उजाडलं. गॅससाठी वेगळी सरकारी कंपनी, गेल, निघाली 1984 मध्ये, आणि हाजिऱ्याहून विजयपूरमार्गे जगदीशपूरला जाणारा सुमारे 1700 कि.मी.चा नळ त्यानंतरचा. पाहुणे येणार हे ठाऊक असून पंगत बसल्यावर पत्रावळी आणायला धावावं, तसला हा कारभार. तोवर समुद्रात ज्योती जळतच होत्या.

उरणला याच गॅसमधून सिलिंडरचा गॅसही वेगळा काढतात, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे जळणाऱ्यात तोही होताच की! त्या वर्षांत आमच्या घरचा सिलिंडरसाठी नंबर लागलेला होता. आई रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारायची, पिन करायची, आणि पोस्टमन आला की आधी विचारायची, “गॅसवाल्यांचं कार्ड आलं का हो?”