हे गाव कोणते?

एडवर्ड सैद यांचा १९७८ सालचा ‘ओरिएंटॅलिझम’ हा ग्रंथ माझ्या टेबलावर पडला होता. मुखपृष्ठ पाहून नववीतल्या एका मुलाने विचारले, “सर, हे गाव कोणते?” इतिहासाचा मास्तर असूनही मला उत्तर देता येईना.

चित्र फ्रेंच चित्रकार जेरोम यांचे, ‘गारुडी’, साधारण १८७९चे. एक नागवा मुलगा अंगाभोवती अजगर गुंडाळून पाठमोरा उभा आहे, म्हातारा पावा वाजवतो आहे आणि भिंतीला टेकलेले शस्त्रधारी पुरुष टक लावून पाहत आहेत. मागच्या निळ्या टाइल्स इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या, अगदी हुबेहूब. पण गारुड्याचा खेळ ही तुर्कांची रीतच नव्हे; तो इजिप्तचा. भिंत एका देशाची, खेळ दुसऱ्याचा! जेरोम दोन्हीकडे हिंडून आले होते, तेव्हा अज्ञान म्हणून सोडूनही देता येत नाही.

आणि तुर्कस्तानात तेव्हा काय चालले होते? १८७६ साली राज्यघटना जाहीर झाली, १८७७ला संसद भरली. (सुलतानाने ती १८७८मध्ये गुंडाळली, हेही खरे.) चित्रात मात्र पोपडे उडालेली भिंत आणि रिकामटेकडी माणसे. लिंडा नॉकलिन यांनी १९८३च्या लेखात नेमके यावरच बोट ठेवले.

मुलाला हे सांगितले, तर तो म्हणाला, “मग भिंत एवढी खरी कशाला काढली?”

‘जुनी चित्रे हा इतिहासाचा पुरावा’ असे मी पंचवीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. परवा ते लिहिताना खडू मध्येच थांबला.